तिजोरीतलं बी जिवंत आहे का? (पिकांचं वैविध्य आणि उद्याचं अन्न)

बीजमात्र (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १०:१२

परवा पुन्हा तोच व्हिडिओ आला. बर्फातून डोकं काढणारं पाचरीसारखं दार, आत लांबच लांब बोगदा, आणि खाली ठळक अक्षरांत 'जगबुडी झाली तरी माणूस उपाशी राहणार नाही'. स्वालबार्डची बीजतिजोरी. नॉर्वेच्या पार उत्तरेला, डोंगराच्या पोटात, फेब्रुवारी २००८ पासून सुरू, आत उणे १८ अंश सेल्सिअस. ४५ लाख नमुने मावतील एवढी जागा, आजवर १३ लाखांच्या वर जमा. हे सगळं खरं आहे. खालची ओळ तेवढी पटत नाही.

त्या तिजोरीवर माझा राग नाही. तक्रार आहे ती आपल्या समजुतीबद्दल. बी आत गेलं, दार लागलं, विषय मिटला! प्रत्यक्षात तिथे आलेल्या पेट्या कोणी उघडत नाही. बी ज्या जीन बँकेचं (म्हणजे पिकांचं बी जपणाऱ्या संस्थेचं), मालकी तिचीच आणि परत मागायचा हक्कही तिचाच. ते अजून उगवतंय का, हे बघायची जबाबदारीसुद्धा पाठवणाऱ्या बँकेवरच. म्हणजे ही तिजोरी म्हणजे राखीव प्रत. मूळ संग्रह जागेवर असेल, त्याच्याकडे माणसं आणि शेत असेल, तरच त्या प्रतीचा उपयोग.

अलेप्पोचं उदाहरण घ्या. कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेची जीन बँक सीरियात अलेप्पोजवळ होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा आणि त्यांचे रानटी नातलग असा तो संग्रह. युद्धात तिथे काम करणं अशक्य झालं, तेव्हा २०१५ मध्ये संस्थेनं स्वालबार्डमधल्या आपल्या पेट्या परत मागवल्या. तिजोरीतून बी बाहेर निघण्याची ती पहिली वेळ. बातम्या इथे संपल्या. त्यानंतरच्या कामाला कॅमेरे नव्हते. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात आणि मोरोक्कोत ते बी पेरलं, वाढवलं, मळलं, सुकवलं, मोजलं, आणि २०१७ मध्ये त्याचा नवा साठा पुन्हा स्वालबार्डला जायला लागला.

'एवढं वैविध्य हवंच कशाला' हा प्रश्न येणारच, म्हणून एक जुनी गोष्ट आधीच सांगून टाकतो. आयर्लंडमधला १८४५ चा बटाट्याचा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून ही अमेरिकेतल्या १९७० च्या मक्याची. संकरित मक्याचं बी तयार करताना मादी ओळींचे तुरे हातानं खुडावे लागतात, नाहीतर त्या आपल्याच परागानं फळतात. टेक्सासमध्ये असा मका हाती लागला की ज्याच्या तुऱ्यात कामाचा पराग तयारच होत नाही, आणि हा गुण पेशीद्रवातून, म्हणजे फक्त आईकडून, पुढे जातो. खुडणीची मजुरी वाचली. बियाणं करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी तीच आई धरली. १९७० पर्यंत तिथला ८० टक्क्यांहून अधिक संकरित मका तिच्याच पोटचा होता. नेमका याच पेशीद्रवावर तुटून पडणारा करप्याचा नवा वंश आला आणि एका हंगामात देशाचं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं. पाकिटांवर नावं भरपूर होती. आत आई एकच.

तर प्रश्न असा, की हे वैविध्य प्रत्यक्षात जपतं कोण, आणि ते काम अडतं कुठे? मी जाणकार नाही, नुसता वाचणारा आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

---

निमूट · सोमवार, रात्री १०:४०

छान धागा. वाचनखूण साठवली. नेहमीप्रमाणे मी वाचनमात्र.

---

मृगजळ · सोमवार, रात्री ११:०५

विसाव्या शतकात पिकांचं ७५ टक्के वैविध्य नष्ट झालं, असं सगळीकडे वाचते. हे तर भयंकर आहे. मूळ लेखात हा आकडा का नाही?

---

शंकेखोर · सोमवार, रात्री ११:३१

मीही हाच आकडा शोधत आलो होतो, पण उलट्या कारणासाठी. ७५ टक्के कशाचे? १९०० साली जगात किती वाण होते हे कोणी मोजलं होतं? मोजलंच नसेल तर त्यातले पाऊण गेले हे कसं कळलं?

---

बीजमात्र · मंगळवार, सकाळी ७:२०

@मृगजळ, शंकेखोर म्हणतात त्याच कारणानं तो मी मुद्दाम गाळला. आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या नावावर फिरतो, पण त्यामागे जगभरची मोजणी नाही. त्याचाच एक भाऊ आहे, '९३ टक्के भाजीपाल्याचे वाण गेले'. तो १९८३ सालच्या एका पाहणीतून आला. अमेरिकेत १९०३ साली बियाणे विक्रेत्यांच्या यादीत असलेली नावं घेतली आणि त्यातली किती राष्ट्रीय बीजसाठ्यात आहेत ते बघितलं. साठ्यात नाही म्हणजे जगातच नाही, असा अर्थ लोकांनी काढला. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी जुन्या कॅटलॉगची शंभरेक वर्षांनंतरच्या कॅटलॉगशी तुलना केली, तर एकूण नावांची संख्या जवळपास तेवढीच निघाली. बहुतेक नावं मात्र नवी होती.

म्हणून काही बिघडलंच नाही असंही नाही. नावं मोजून वैविध्य कळत नाही, हे मक्यानं दाखवलंच. मला त्यापेक्षा अन्न व कृषी संघटनेच्याच २०१९ च्या अहवालातला हिशोब बरा वाटतो. माणूस खाण्यासाठी साधारण ६,००० वनस्पती लावतो. त्यातल्या २०० पेक्षा कमी वनस्पतींचा अन्नात मोठा वाटा, आणि जगाच्या एकूण पीक उत्पादनातले ६६ टक्के अवघ्या ९ पिकांतून. (हे वजनावर मोजलंय, म्हणून त्यात ऊस आणि शुगरबीटही आहेत. कॅलरीवर मोजलं तर भात, गहू, मका यांचंच राज्य.)

---

कोडगा · मंगळवार, सकाळी ११:४८

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, शेतीतलं शून्य कळतं, त्यामुळे अडाणी प्रश्न. आता जीनोम वाचणं स्वस्त झालंय, जीन एडिटिंग आहे. मग लाखो पाकिटं गोठवून ठेवण्यापेक्षा सगळ्यांच्या डीएनएचे क्रम वाचून सर्व्हरवर का ठेवू नयेत? हवा तो जीन उचलायचा आणि चिकटवायचा.

---

प्रयोगवही · मंगळवार, दुपारी ३:१५

प्रश्न अडाणी नाही. या क्षेत्रातली माणसंही यावर भांडतात.

'हवा तो जीन' यातला 'हवा तो' कसा ओळखणार, इथे गाडी अडते. १९७० च्या आसपास आशियात भातावर एक विषाणू पसरला. रोप खुरटतं, गवताच्या झुपक्यासारखं होतं, ओंबी धरत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ६,००० हून जास्त नमुने तपासले. कामाचा निघाला एक. तोही लागवडीचा भात नव्हता, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा नावाचा रानभात होता. त्याचा गुण भातात आणला आणि १९७६ मध्ये आलेल्या आयआर३६ सारख्या वाणांमधून तो कोट्यवधी एकरांवर गेला. गोळा करणाऱ्याला हा विषाणू पुढे कधी डोकं वर काढेल याची कल्पना असायचं कारण नव्हतं. त्या वेळी क्रम वाचून ठेवला असता तरी त्यातलं नेमकं कुठलं अक्षर महत्त्वाचं हे कळलं नसतं. ते रोप जिवंत हवं, त्याला रोग लावून बघता यायला हवं.

दुसरी गोष्ट अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांच्या गव्हाची. १९४८ मध्ये तुर्कस्तानात त्यांनी एक गहू गोळा केला. उंच, काडी बारीक, जमिनीवर लोळणारा, थंडी न सोसणारा, पिठाची भाकरी-पाव काही धड न होणारा. स्वतः हार्लननीच त्याचं वर्णन दळभद्री गहू अशा अर्थानं केलंय. पंधराएक वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळा तांबेरा पसरला आणि त्याला तोंड देणारे गुण याच गव्हात सापडले. तोवर तो कोणी 'निरुपयोगी' म्हणून फेकून दिला असता तर?

शिवाय दुष्काळ सोसणं, उष्णता सोसणं हे गुण एका जीनचे नसतात. शेकडो जीन थोडाथोडा हातभार लावतात. क्रम म्हणजे पत्रिका. पत्रिका हातात आहे म्हणून नवरा मुलगा मांडवात उभा राहत नाही.

---

कोडगा · मंगळवार, दुपारी ३:५२

पत्रिका मान्य :) पण मग क्रम वाचण्याचा काहीच उपयोग नाही का?

---

प्रयोगवही · मंगळवार, सायंकाळी ५:३०

आहे, आणि मोठा आहे. अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अंदाजानुसार जगभरच्या साधारण १,७५० जीन बँकांमध्ये मिळून ७४ लाख नमुने होते, पण खरोखर वेगळे त्यातले फक्त २५ ते ३० टक्के. बाकीच्या एकमेकांच्या प्रती. काही मुद्दाम ठेवलेल्या, काही नकळत झालेल्या. कुठल्या प्रती फुकट सांभाळतोय आणि कुठल्या प्रकाराची एकच प्रत उरलीय, हे क्रम वाचूनच पटकन कळतं. तुमच्या धंद्यातले लोक इथे हवेच आहेत.

---

चहाटळ · मंगळवार, रात्री ९:१०

पण बी तर हजारो वर्षं टिकतं ना? पिरॅमिडमध्ये सापडलेले गहू पेरले आणि उगवले, असं शाळेत असल्यापासून ऐकतोय.

---

प्रयोगवही · मंगळवार, रात्री १०:०२

ते गहू नाही उगवले हो. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांना 'ममीचे गहू' म्हणून ताजे दाणे विकायचा चांगला धंदा चालायचा. ते अर्थातच उगवायचे! थडग्यातले खरे दाणे मेलेले असतात. अपवाद म्हणावा तर मसादाच्या अवशेषांत सापडलेली खजुराची बी. ती साधारण २,००० वर्षांची होती आणि २००५ मध्ये उगवली. पण खजुराची बी निराळी आणि तिथलं कोरडं वाळवंटही निराळं. कांद्याचं बी उघड्यावर दोन वर्षं धड राहत नाही.

ढोबळ नियम असा, की बियांतली ओल एक टक्क्यानं कमी केली की आयुष्य दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. (दोन्हीला मर्यादा आहेत.) म्हणून आधी थंड, कोरड्या खोलीत सावकाश सुकवायचं, ओल ३ ते ७ टक्क्यांवर आणायची, हवाबंद पाकिटात घालायचं, मग उणे १८. घड्याळ तरी थांबत नाही, फक्त मंदावतं. म्हणून दर काही वर्षांनी थोडं बी काढून उगवण चाचणी करायची. उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांच्या खाली आली की पेरून नवं बी घ्यायचं.

धागाकर्त्याच्या शीर्षकावरून आठवलं. शिकत असताना मी काही महिने एका बीजसंग्रहात ही चाचणी करायचे. ओल्या ब्लॉटिंग पेपरवर शंभर-शंभर दाणे ओळीनं मांडायचे आणि रोज मोजायचे. एकदा एका कपाटातल्या जुन्या पाकिटांची पाळी आली. पाकिटं नीटनेटकी, नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याची सही, सगळं झकास. चौथ्या दिवशी शून्य. सातव्या दिवशी शून्य. दहाव्या दिवशी बुरशी. असे तीन ट्रे. कधीतरी मधल्या काळात शीतगृह बंद पडलं होतं आणि चाचणीची पाळी माणसं नाहीत म्हणून पुढे ढकलली गेली होती, एवढंच कळलं. रजिस्टरमध्ये ते नमुने त्या दिवसापर्यंत 'जतन' या रकान्यात होते. ज्या शेतांतून ते आणले तिथे परत जाऊन बघायला तोवर फार उशीर झाला होता.

---

बीजमात्र · मंगळवार, रात्री १०:२०

मला जे म्हणायचं होतं ते या तीन ट्रेंनी म्हटलं. मूळ लेख तुम्हीच लिहायला हवा होता.

पेरून नवं बी घेण्याबद्दल अजून सांगाल का? ऐकायला सोपं वाटतं.

---

प्रयोगवही · मंगळवार, रात्री ११:१५

गव्हाचं सोपं असतं. तो स्वपरागी, आपला आपण फळतो. एका ओळीत पेरा, शेजारचा मिसळू देऊ नका, झालं.

मक्याचं घ्या. शेजारच्या कुठल्याही मक्याचा पराग वाऱ्यावर येतो. म्हणून प्रत्येक कणसावर स्त्रीकेसर बाहेर यायच्या आधी पिशवी, प्रत्येक तुऱ्यावर पिशवी, मग ठरलेल्या सकाळी एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या कणसावर हातानं. आणि हे पाच-दहा झाडांवर भागत नाही, एका नमुन्यासाठी शंभरेक झाडं लागतात. कमी लावली तर जे गुण थोड्याच दाण्यांत होते ते त्या फेरीत गळतात, नमुन्याचं नाव तेच राहतं आणि आतला माल बदलतो. शिवाय मूळ ठिकाण डोंगरात उंचावर आणि तुमचं शेत सपाटीवर असेल, तर सपाटीला मानवणारी झाडं जास्त बी देतात आणि बाकीची आपोआप मागे पडतात. दोन-तीन फेऱ्यांत तुम्ही नकळत नवाच वाण तयार केलेला असतो.

एका बँकेत असे हजारो नमुने, दर वर्षी काही शे जणांची पाळी. या कामाला उद्घाटन नसतं आणि फीत कापायला कोणी येत नाही. इमारतीला देणगी मिळते, पिशव्या बांधणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही.

---

मृगजळ · बुधवार, सकाळी ८:४४

आणि जी पिकं बियांपासून लावत नाहीत त्यांचं काय? केळं? बटाटा?

---

बीजमात्र · बुधवार, सकाळी ९:३०

एवढं मी वाचलंय, म्हणून मीच सांगतो. खायच्या केळ्यांचा जागतिक संग्रह बेल्जियममध्ये लूव्हेनला आहे. दीड हजारांहून जास्त प्रकार परीक्षानळ्यांत, छोटी छोटी रोपं, कमी तापमानात हळूहळू वाढवलेली. तरी ठरावीक काळानं प्रत्येक रोप नव्या नळीत हलवावंच लागतं. कायमचा उपाय म्हणजे कोंबाचं टोक द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. बटाट्याचा असाच मोठा संग्रह पेरूत लिमाला आहे.

नारळ आणि कोको यांचं दुखणं वेगळं. बी आहे, पण ते सुकवलं की मरतं. म्हणून झाडंच राखावी लागतात. त्रिनिदादमध्ये कोकोचे दोन हजारांहून जास्त प्रकार असे जमिनीत उभे आहेत. अशा संग्रहाला रोग लागला तर पळून जायला जागा नाही. पापुआ न्यू गिनीतल्या नारळांच्या संग्रहाला शेजारून येणाऱ्या रोगाची अशीच धास्ती आहे. नारळ-कोको काही स्वालबार्डच्या पाकिटात मावत नाहीत.

केळ्याची कथा तर एका पिढीनं बघितलेलीच आहे. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या व्यापारात बहुतेक ग्रो मिशेल हेच केळं होतं, ते मर या बुरशीच्या रोगानं बसलं. त्याच्या जागी कॅव्हेंडिश आणलं, तेही एकाच झाडाच्या नकला म्हणावं असं. आता त्याच बुरशीचा टीआर४ हा वंश कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि २०१९ मध्ये तो कोलंबियात पोचला.

---

चहाटळ · बुधवार, सकाळी ९:४१

एकाच झाडाच्या नकला. आमच्या ऑफिसातल्या प्रेझेंटेशनची आठवण झाली.

---

कोरडवाहू · बुधवार, रात्री ८:२५

बराच वेळ गप्प बसलो होतो. सगळी चर्चा शीतगृहाभोवती चाललीय. मी शेती करतो. माझं म्हणणं असं, की गोठवलेलं बी ज्या वर्षी गोठवलं त्या वर्षीच्या हवामानाचं असतं. बाहेर तीस-चाळीस वर्षांत ऊन बदललं, पाऊस बदलला, किडी बदलल्या. शेतात दर वर्षी पेरलेलं बी त्यांच्याबरोबर बदलत आलं. मग खरी जीन बँक कुठली?

पेरूत कुस्कोजवळ क्वेचुआ लोकांच्या गावांनी मिळून बटाट्याचं उद्यान केलंय. डोंगरउतारावर हजाराहून जास्त प्रकार अजूनही लावतात. लिमाच्या त्या संग्रहानंच त्यांना शेकडो प्रकार रोगमुक्त करून परत दिले. हवा तापतेय तशी ही माणसं लागवड उतारावर वर वर नेताहेत. हे फ्रीजरमध्ये होत नाही.

रानटी नातलगांचंही तसंच. मेक्सिकोत खालिस्को राज्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मक्याचा एक बहुवार्षिक रानटी नातलग सापडला. तो नुसता गोळा करून थांबले नाहीत. १९८७ मध्ये ती डोंगररांगच, सिएरा दे मानांतलान, राखीव केली.

---

शंकेखोर · बुधवार, रात्री ९:१८

कोरडवाहू, मुद्दा रास्त आहे, पण तुमच्या जातभाईंच्याच वतीनं विचारतो. जगाच्या उद्याच्या अन्नासाठी आज कमी उत्पन्नाचा वाण कोणी लावत बसायचं? ज्याच्याकडे दोन एकर आहे त्यानं? शहरातल्या माणसाला 'पारंपरिक' ऐकून बरं वाटतं म्हणून शेतकऱ्यानं संग्रहालयाचा रखवालदार व्हायचं का?

---

कोरडवाहू · बुधवार, रात्री १०:०७

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एका वर्षी मी दोन वाण मिसळून पेरले. पीक चांगलं आलं, रोग कमी. व्यापाऱ्यानं दाणे हातात घेतले, 'मिसळ माल आहे' म्हणाला आणि पोती उतरवूनही घेतली नाहीत. पुढच्या वर्षी मी पुन्हा एकच वाण पेरला. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त हा अनुभव आहे.

पण मिसळून पेरण्यात दम आहे हे नक्की. चीनच्या युनानमध्ये भातावर मोठा प्रयोग झाला होता, २००० साली प्रसिद्ध झाला. करप्याला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी दणकट वाणाच्या मधे लावल्या, तर त्या भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या वर्षाअखेर फवारणीची गरज उरली नाही. आणि तिथे चिकट भाताला गिऱ्हाईक होतं, म्हणून शेतकऱ्यांनी ते उचललं. वाण जगतो तो कोणाच्या तरी ताटात जातो म्हणून.

---

मृगजळ · गुरुवार, दुपारी १२:१०

अवांतर असेल कदाचित, पण या बियांची मालकी कोणाची? शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं निवडलेलं बी, जीन बँकेनं फुकट नेलं, कंपनीनं तिथून घेऊन पेटंट केलं, असं तर होत नाही ना?

---

शंकेखोर · गुरुवार, दुपारी १:३७

अवांतर कसलं, निम्मं भांडण हेच आहे.

एका पिवळ्या घेवड्याची केस प्रसिद्ध आहे. मेक्सिकोत घेतलेल्या दाण्यांपासून निवड केलेल्या 'एनोला' नावाच्या घेवड्यावर १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि तसाच घेवडा पाठवणाऱ्या मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांचा माल अडायला लागला. कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रानं आपल्या संग्रहातले तसेच घेवडे पुढे करून आव्हान दिलं. २००९ मध्ये न्यायालयातही पेटंट टिकलं नाही, पण मधली दहा वर्षं गेली ती गेलीच. जीन बँकेचा हा उपयोग आपल्या चर्चेत आलाच नव्हता. ती पुरावाही असते.

२००१ मध्ये पिकांच्या जनुकसंपत्तीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २००४ पासून लागू. चारा पिकं धरून ६४ पिकं एका सामायिक व्यवस्थेत आणली. ठरावीक करारपत्रावर सही करा, बी घ्या, आणि त्यातून केलेला माल इतरांना संशोधनासाठी बंद ठेवलात तर सामायिक निधीत वाटा द्या. कागदावर सुंदर. पण यादी वाटाघाटीतून झाली, त्यामुळे सोयाबीन, भुईमूग, टोमॅटो त्यात नव्हते. निधीत वापरणाऱ्यांकडून आलेला पैसाही फारच थोडा. आणि आता बी न घेता नुसता क्रम उतरवून घेतला तर वाटा कोणाचा, यावर देशादेशांत हमरीतुमरी चालू आहे. (कोडगा, तुमचा सर्व्हर इथे येतो.)

---

निमूट · गुरुवार, रात्री ११:२०

वाचनमात्र राहवेना. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्याचं कोणीच कसं काढलं नाही?

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह यांच्या तिथल्या बीजसंस्थेतली माणसं वेढ्यात भुकेनं मेली, पण संग्रहातलं धान्य त्यांनी खाल्लं नाही. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह त्यांतलेच एक. आणि ज्यांनी जगभर फिरून तो संग्रह उभा केला ते वाव्हिलोव्ह जानेवारी १९४३ मध्ये आपल्याच सरकारच्या साराटोव्हच्या तुरुंगात मेले. ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. मला त्यातला बटाट्याचा भाग जास्त लागतो. धान्य पेटीत राहतं, बटाटा राहत नाही. आघाडी जवळ येत असताना शहराबाहेरच्या पाव्हलोव्स्कच्या शेतातून कंद उकरून शहरात आणले, हिवाळाभर गोठू दिले नाहीत, आणि वसंतात पुन्हा लावले. पोट रिकामं असताना लावले.

त्याच पाव्हलोव्स्कला फळझाडांचा आणि बेरींचा मोठा संग्रह आहे. २०१० मध्ये ती जमीन घरबांधणीसाठी द्यायचं ठरलं होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे २०१२ मध्ये ते थांबलं.

---

प्रयोगवही · शुक्रवार, सकाळी ७:५०

निमूट, तुम्ही अधूनमधून बोलत जा.

याला जोडून अफगाणिस्तानचं. तिथे युद्धाच्या धामधुमीत संग्रहातलं बी बरण्यांत भरून दोन शहरांत घरांमध्ये लपवून ठेवलं होतं. २००२ मध्ये बघायला गेले तर बी जमिनीवर ओतलेलं, सगळं मिसळलेलं. चोरांना बरण्या हव्या होत्या.

---

कोडगा · शुक्रवार, सकाळी १०:१५

स्वालबार्डमध्येही पाणी शिरलं होतं ना?

---

बीजमात्र · शुक्रवार, सकाळी १०:३२

२०१६ च्या शरद ऋतूत, प्रवेशाच्या बोगद्यात. आत पोचायच्या आधीच गोठलं, बियांना काही झालं नाही. नंतर बोगदा नव्यानं जलरोधक केला. जी जमीन कायम गोठलेली राहील असं धरून बांधली, तीच उबदार व्हायला लागली, एवढं मात्र लक्षात राहिलं.

---

चहाटळ · शुक्रवार, रात्री ९:०५

एवढं वाचून चेव आला. घरी आजीनं ठेवलेलं थोडं भाजीचं बी आहे, बाटलीत, फ्रिजमध्ये. ते नीट कसं ठेवायचं?

---

प्रयोगवही · शुक्रवार, रात्री ९:४८

आधी सुकवा, पण उन्हात नाही. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद काचेच्या बाटलीत आठवडाभर. नाव आणि वर्ष लिहा, 'आजीचं बी' एवढं पुरत नाही. मग फ्रिजमध्ये. आणि एक महत्त्वाचं, थंड बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. रात्रभर खोलीत राहू द्या. नाहीतर हवेतली ओल थंड बियांवर बसते आणि सुकवलेलं सगळं फुकट जातं.

---

चहाटळ · शुक्रवार, रात्री ९:५३

तुमचा प्रतिसाद यायच्या आधीच काढून उघडली. आता बाटलीला आतून घाम आलाय.

---

प्रयोगवही · शुक्रवार, रात्री ९:५५

मग उद्या पेरूनच टाका.